तिला कळलेलं मीच काढून घेतलं

मी टीव्हीसाठी लिहिते. बरंचसं काम दुसऱ्यांच्या कथांवर केलं. कुणाच्या कथेची पटकथा, कुणाच्या पटकथेचे संवाद. एकच मालिका अशी मिळाली की जिची कथा माझी होती आणि गावही माझंच, सोलापूर. तिची सुरुवात लोकांना फार आवडली. ओळखदेख नसलेली माणसं रस्त्यात थांबवून बोलायची. पुढे ती रटाळ झाली, तिची माणसं पोकळ झाली आणि एक दिवस ती संपली तेव्हा कुणाला फारसं वाईटही वाटलं नाही. वाहिनीचं, निर्मात्याचं, कलाकारांचं नाव मी इथे घेणार नाही. माझ्या हातून जे चुकलं तेवढंच मला नीट मांडायचं आहे, कारण तीच चूक आज दुसऱ्यांच्या मालिका बघतानाही मला दिसते आणि ती अजून टाळता येण्यासारखी आहे.

‘सुरुवातीला छान होती हो, मग काय झालं कुणास ठाऊक,’ हे वाक्य मराठी घरांत मालिकेमागून मालिकेबद्दल बोललं जातं. त्यावरची उत्तरंही ठरलेली आहेत. टीआरपीसाठी ताणतात, जाहिराती हव्या असतात, रोजचा भाग भरायचा असतो. बरीच वर्षं मीही हीच उत्तरं देत होते. त्यांत तथ्य आहे, पण ती अपुरी आहेत. मालिका संथ होणं आणि पात्रं कमजोर होणं हे आपण दोन वेगळे दोष समजतो. मला माझ्या मालिकेतून कळलं ते असं, की हा एकच दोष आहे. पात्राला जे कळलेलं असतं ते लेखक त्याच्याकडून काढून घेतो, आणि त्या क्षणी कथेतला काळ थांबतो. मग भाग पुढे सरकतात, कथा सरकत नाही.

माझी कथा सोलापूरच्या पूर्व भागातली होती. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची इथे मोठी वस्ती आहे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शिवाय शेजारीपाजारी कन्नड आणि दखनी उर्दू. पुरुष यंत्रमागावर आणि बायका घरी विड्या वळतात, अशी हजारो घरं. माझी नायिका अशाच घरातली. आई विड्या वळणारी. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, त्यांना उचल बुडवल्याचा ठपका ठेवून काढून टाकलं आणि त्याच अपमानात ते गेले. उचल म्हणजे कामगाराने मालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे. ती फिटेपर्यंत कामगाराला दुसरीकडे जाणं अवघड असतं. मुलगी बी.कॉम. होते, हिशोब लिहायचं काम करते, आणि पुढे त्याच कारखानदाराच्या धाकट्या मुलाशी तिचं लग्न होतं. सासरी जुन्या वह्या लावताना तिला वडिलांच्या नावावर मोठी उचल लिहिलेली दिसते. पुढे त्यांची सही आहे. सही मराठीत आहे. तिचे वडील जन्मभर तेलुगूत सही करत आले होते.

हा शोध तिला पहिल्याच आठवड्यात लागत होता. सही तेलुगूत करणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली होती, रेशनच्या दुकानात, वर्गमैत्रिणींच्या प्रगतिपुस्तकावर. त्यामुळे ही गोष्ट मला शोधून काढावी लागली नाही. बघणाऱ्यांनाही ती लगेच पटली. हिशोब येणारी, कागद वाचणारी, दोन भाषांत विचार करणारी एक मुलगी नव्या घरात उभी आहे, तिच्या हातात पुरावा आहे, आणि ज्या माणसाविरुद्ध तो आहे त्याच्याच घरात तिला रोज जेवायला बसायचं आहे. मालिकेबद्दल जी आशा निर्माण झाली ती यातून.

पहिली चूक मी इथेच केली. मी लिहायला शिकले ते एकांकिकांमध्ये. सोलापुरात हौशी रंगभूमीचं वातावरण चांगलं आहे. राज्य नाट्य स्पर्धा, कामगारांच्या नाट्यस्पर्धा, हुतात्मा स्मृती मंदिरातले प्रयोग यांत आमची पिढी घडली. अतुल कुलकर्णी यांच्यासारखा नट याच शहरातून पुढे गेला. एकांकिकेने मला प्रसंग उभा करायला शिकवलं, गाठ मारायला शिकवलं, शेवटी स्फोट घडवायला शिकवलं. पण एकांकिकेत स्फोट झाला की पडदा पडतो. स्फोटानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात चहा कोण करतं, कोण कुणाशी बोलत नाही, कोण घर सोडून जातं, हे मला कधी लिहावं लागलं नव्हतं. म्हणून ‘ही सही माझ्या वडिलांची नाही’ हे वाक्य नायिका सासऱ्यांसमोर बोलेल तो मालिकेचा शेवट, असं मी मनात धरून बसले. माझ्याकडे सुरुवात होती आणि तो शेवट होता. मधलं काहीच नव्हतं. जिथे मधलं काही नसतं तिथे लेखकाला एकच काम उरतं, शेवट पुढे ढकलत राहणं.

रोजच्या मालिकेचं गणित वाचकांना ठाऊक असावं म्हणून सांगते. अर्ध्या तासाच्या भागात कथेला साधारण बावीस मिनिटं मिळतात. आठवड्याचे सहा भाग धरले तर दोन तासांहून जास्त, म्हणजे दर आठवड्याला एक पूर्ण चित्रपट. वर्षाला तीनशेच्या वर भाग. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आधी आठवड्याची वन-लाइन, म्हणजे कथेची थोडक्यात रूपरेषा, ठरते, मग सीन पाडले जातात, मग संवाद जातात. ब्रेकच्या आधी उत्सुकता ताणणारा हुक पाहिजे, शेवटी पुढच्या भागाची झलक म्हणजे प्रीकॅप पाहिजे, हाताशी आधीच तयार असलेल्या थोड्या भागांची बँक पाहिजे. गुरुवारी टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे येतात आणि त्यावर कथेचा पुढचा ट्रॅक हलतो. या धबडग्यात मधला भाग आधी विचार करून ठेवला नसेल, तर तो नंतर सुचत नाही. तेव्हा हाताला जे लागेल ते माणूस उचलतो. माझ्या हाताला लागल्या अडचणी.

नायिकेने त्या पानाचा फोटो काढला. मी तिचा फोन पाण्यात पाडला. तिने नवऱ्याला सांगायचं ठरवलं. नेमकी त्याच वेळी सासूला चक्कर आणली. तिने वहीच आईकडे नेऊन ठेवायची ठरवली. नणंदेने ती आधी पळवली. मग सासूने तिच्याकडून देवासमोर शपथ घेतली, घरातली गोष्ट बाहेर न्यायची नाही म्हणून. शपथेचे दिवस संपले तेव्हा अपघात झाला आणि तिची काही आठवण पुसली गेली. सगळं सुचेनासं झालं तेव्हा आम्ही पाच वर्षांचा लीप घेतला, कथा एकदम पाच वर्षं पुढे नेली. यातली प्रत्येक गोष्ट लिहिताना मला ती कथेची घडामोड वाटत होती. प्रत्यक्षात एकही घडामोड नव्हती. दर वेळी ती मुलगी एक पाऊल पुढे टाकत होती आणि मी तिला ओढून मूळ जागी आणत होते. बाहेरून बघणाऱ्याला मात्र दिसत होती एक बावळट होत चाललेली बाई. जी एका नजरेत खोटी सही ओळखते, ती पुराव्याची एक प्रतही काढून ठेवत नाही? वही रात्रभर उघड्यावर ठेवते? जिच्या तोंडी एक वाक्य आलं तर सगळं मिटेल, ती ते वाक्य सोडून बाकी सगळं बोलते?

शपथेच्या आठवड्यात आमचे आकडे वाढले. तिथे माझी दुसरी आणि मोठी चूक झाली. लोकांना शपथ आवडली, असा अर्थ आम्ही काढला. बैठकीत तो अर्थ सगळ्यांत ठामपणे मी मांडला होता. लोकांना तिचं गप्प बसणं आवडतं आहे, तिचं सोसणं आवडतं आहे, तोच ट्रॅक वाढवू, असं मी म्हणाले. लोक खरं तर ती आता बोलेल म्हणून बसले होते. त्यांनी दिलेला तो वेळ ही आम्ही घेतलेली उचल होती. ती फेडायच्या ऐवजी मी तिच्यावर आणखी उचल घेत गेले. महिन्याभरात आकडे उतरले, तेव्हा आम्ही नणंदेची कारस्थानं वाढवली.

या काळात सोलापूरला आले की मी आमच्या जुन्या गल्लीत जायची. तिथे एक मावशी आहेत, विड्या वळतात. तेंदूची पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. हात आणि डोळे सुपात, आणि टीव्ही कानाने ऐकायचा. माझी मालिका त्यांनी पहिल्या दिवसापासून ऐकली होती. मी काही विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, “आधी सगळा हिशोब बघत होती की पोरगी. आता वाचायला येईना झालंय का तिला?” आणि मग, “सही तेलुगूत करत होता ना गं तिचा बाप? त्याचं काय केलात मग?”

त्याचं मी काहीच केलं नव्हतं. खरं सांगायचं तर बऱ्याच आठवड्यांत त्या सहीचा उल्लेखही माझ्या पानांवर आला नव्हता. आमच्या बैठकांत एक गोष्ट गृहीत धरलेली असायची. प्रेक्षक स्वयंपाक करता करता बघतो, त्याचं अर्धंच लक्ष असतं, म्हणून तेच तेच पुन्हा सांगावं लागतं. हे मलाही पटलेलं होतं. पण पडद्याकडे न बघता नुसती ऐकणारी ही बाई पहिल्या आठवड्यातली सही विसरली नव्हती, विसरले होते मी. अर्ध्या लक्षाने ऐकणाऱ्याला आधीची गोष्ट थोडक्यात आठवून द्यावी लागते, हे खरं आहे. पण आठवण देणं वेगळं आणि कथा जागच्या जागी फिरवणं वेगळं. मी दुसऱ्या गोष्टीसाठी पहिलीची सबब वापरत होते.

पात्र गप्प बसतं म्हणून मालिका बिघडते असंही नाही. ‘हम लोग’ ही दूरदर्शनवरची मालिका १९८४ मध्ये सुरू झाली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी केलेल्या मालिकांवरून तिची कल्पना आली होती, आणि सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका जड होता की लोकांनी नापसंती कळवली. लेखक मनोहर श्याम जोशी यांनी मग उपदेश मागे घेतला आणि घरातली माणसं पुढे आणली. मालिका दीडशेहून जास्त भाग चालली, प्रेक्षकांची लाखो पत्रं आली. त्या घरातली आई, भागवंती, सतत सोसते. पण तिचं सोसणं ही तिची स्वतःची, वर्षानुवर्षांची घडण आहे, आणि तिच्या मुली ते बघत बघत वेगळे निर्णय घेतात. म्हणजे तिच्या गप्प बसण्याने कथा पुढे जाते. माझ्या नायिकेचं गप्प बसणं तिच्या स्वभावातून आलेलं नव्हतं. ते माझ्या सोयीतून आलं होतं. पहिल्या आठवड्यात मी बोलणारी मुलगी दाखवली आणि दहाव्या आठवड्यात तिच्या तोंडावर हात ठेवला. बघणाऱ्याला तो हात कुणाचा हे कळतं.

‘हम लोग’पासून मी आणखी एक गोष्ट शिकायला हवी होती. सुरुवात चुकली तरी मालिका सावरता येते, पण त्यासाठी माणसांकडे जावं लागतं. आम्ही दर वेळी प्रसंगांकडे गेलो.

तिसरी चूक सासऱ्यांच्या बाबतीत झाली. माझ्या मूळ टिपणात हा माणूस खलनायक नव्हता. सोलापूरचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला त्याचं वागणं समजलं असतं. ज्यांच्या भोंग्यावर शहराचा दिवस चालायचा त्या लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजीसारख्या गिरण्या बंद पडल्या. गिरणीत काम करून चार माग स्वतःचे टाकलेल्या माणसांनी छोटे कारखाने उभे केले. सुताचा भाव वर गेला की ते हादरतात, तयार मालाला उठाव नसला की कामगारांची मजुरी थकते. माझ्या सासऱ्यांनी अशाच एका वाईट वर्षी बँकेला आणि सूत व्यापाऱ्याला दाखवायला कामगारांच्या नावांवर खोट्या उचली लिहिल्या. कारखाना वाचला. एक कामगार मात्र त्याखाली चिरडला गेला, आणि ते त्यांना ठाऊक आहे. सून म्हणून घरात आलेली मुलगी त्याची आहे, हेही त्यांना ठाऊक आहे. असा माणूस सुनेच्या पानात स्वतः वाढतो तेव्हा त्या वाढण्यात काय काय असेल.

हे सगळं मी सोडून दिलं. त्यांना घरातल्या खुर्चीवर बसून गुरकावणारा माणूस केलं. नंतर तर वाईटपणा नणंदेकडे सरकवला, कारण ती भूमिका करणारी अभिनेत्री प्रभावी होती आणि तिच्या सीनना प्रतिसाद येत होता. नणंदेला वहिनीचा एवढा द्वेष का, हे मी कधी ठरवलंच नाही. त्याचा परिणाम वेगावर कसा होतो ते मला फार उशिरा उमगलं. ज्या पात्राला वाईट वागण्याचं कारण असतं त्याच्याशी बोलता येतं. ते ऐकेल, चिडेल, लाजेल, सौदा करेल, एखादा टप्पा मागे हटेल. प्रत्येक भेटीनंतर दोघांमधलं अंतर थोडं बदललेलं असतं. ज्याला कारणच नाही त्याच्याशी काय बोलणार? तिथे दुसरं कारस्थान रचावं लागतं, मग तिसरं. माझ्या मालिकेतले कारस्थानाचे सीन दिसायला वेगवान होते. गोष्ट मात्र तिथेच थांबलेली होती.

नवऱ्याचंही तेच. तो चांगला, शिकलेला मुलगा होता. बायको महिनोन्‌महिने अस्वस्थ आहे, जुन्या वह्या बघते आहे, रात्री झोपत नाही, आणि तो तिला एकदाही ‘काय झालंय?’ असं विचारून उत्तर मिळेपर्यंत थांबत नाही. त्याने विचारलं असतं तर गुपित फुटलं असतं. म्हणून मी त्याला प्रश्न पडूच दिला नाही. त्या मुलाचं प्रेम लोकांना खोटं वाटू लागलं, यात त्या नटाचा काही दोष नव्हता.

चौथी चूक मला सगळ्यात जास्त बोचते. मी कथेतून काम काढून टाकलं. मालिकेचा सेट ठाण्याकडे उभा होता, घराचा मोठा दिवाणखाना, जिना, देवघर. कारखान्याचे थोडे सीन सुरुवातीला सोलापुरात खऱ्या मागांवर झाले. पुढे खर्चाचा प्रश्न येणार हे मला दिसत होतं, आणि कुणी काही म्हणायच्या आतच मी कारखान्याचे सीन लिहिणं थांबवलं. नायिका हिशोबाच्या टेबलावरून उठून ओट्याशी गेली. मावशींसारखी तिची आई आधी विड्या वळता वळता बोलायची. मग ती फक्त सणाला भेटायला येऊ लागली. तिच्या मराठीला तेलुगूचा जो हेल होता तो आधी विनोदासाठी वापरला गेला, पुढे गेलाच. मी हरकत घेतली नाही.

काम गेलं तसं कथेतलं घड्याळही गेलं. कामाला तारखा असतात. शनिवारचा पगार, सुताची गाडी, वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन मोजून घेण्याची वेळ, दिवाळीच्या बोनसची बोलणी, जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची यात्रा. या तारखा कुणासाठी थांबत नाहीत आणि माणसांना निर्णय घ्यायला लावतात. बोनसच्या बोलणीच्या आदल्या रात्री एखाद्या कामगाराला खोट्या उचलीबद्दल कळलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी घडणारच. मी सण ठेवले आणि काम काढलं. मग संक्रांत आली की हलव्याचे दागिने, वटपौर्णिमा आली की नव्या साड्या, आणि दोन्ही सणांच्या नंतर सगळी माणसं जिथल्या तिथे.

हे सगळं कळल्यावरही मी काही दिवस लांबीला दोष देत राहिले. रोजची मालिका म्हटली की असंच होणार, असं म्हणत राहिले. छोट्या मालिकेचा फायदा मोठा आहे यात शंका नाही. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ जानेवारी २०१२ मध्ये सुरू झाली आणि लोकप्रिय असतानाच त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपली. तिच्यातही लपवाछपवी होती. लग्न नको असलेले दोघे घरच्यांसाठी लग्नाचं नाटक करतात. पण ते गुपित त्या दोघांनी स्वतः ठरवून घेतलेलं आहे, ते राखताना ते एकमेकांना ओळखत जातात, आणि प्रत्येक भागानंतर त्यांच्यात काहीतरी बदललेलं असतं. तिथे गुपित माणसांना जवळ आणतं. माझ्याकडे ते माणसांना गोठवत होतं.

लांब मालिकांनीही माणसांना असं पुढे नेलेलं आहे. ‘आभाळमाया’ १९९९ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली आणि काही वर्षं चालली. सुकन्या कुलकर्णी यांनी उभी केलेली सुधा लोकांनी घरची मानली, कारण तिला दुखावणारी गोष्ट कळल्यावर ती त्या कळण्यासह जगत होती. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ पासून साधारण साडेचार वर्षं चालली. त्यातल्या लपवाछपवीला लोक कंटाळलेही असतील. पण राधिका मसाल्याचा उद्योग उभा करू लागली तेव्हा कितीतरी बायका पुन्हा टीव्हीसमोर बसल्या, कारण आता तिच्या हाताला काम होतं आणि तिच्या निर्णयांना परिणाम होते. ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून जास्त भाग झाले. लोक लांबीला कंटाळत नाहीत. जिच्याबरोबर रोज बसावं अशी व्यक्ती समोर असली की ते वर्षानुवर्षं बसतात.

म्हणून मी एकदा शांतपणे बसून कागदावर मांडून बघितलं. नायिकेने तिसऱ्याच आठवड्यात ते वाक्य बोलून टाकलं असतं तर? मला वाटलं होतं मालिका तिथे संपेल. कागद मात्र भरतच गेले.

सासरे नाकारणार नाहीत. ते म्हणतील, हो, मी केलं, नाहीतर साठ घरं उपाशी राहिली असती. आता नायिकेपुढे प्रश्न पुरावा शोधण्याचा राहत नाही, न्याय कसा करायचा याचा येतो. नवऱ्याला बाप आणि बायको यांत निवड करावी लागेल आणि तो पहिल्यांदा चुकीची करेल. वही उघडली की आणखी नावं निघतील. त्यांतली काही माणसं आज त्याच कारखान्यात कामाला आहेत, ती तिच्याकडे येतील. काहीजण म्हणतील, गप्प बस, कारखाना बंद पडला तर आम्ही जायचं कुठे? सूत व्यापाऱ्याच्या कानावर गेलं तर उधारी बंद होईल. आणि आई? नवरा कर्जबुडवा होता या लाजेत जिने वर्षं काढली तिला खरं कळेल, आणि तिचा पहिला राग मुलीवर निघेल, की तू याच घरात सून होऊन गेलीस. त्या आईला स्वतःचं काहीतरी हवं असेल. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. त्यामागे बायकांची वर्षानुवर्षांची चळवळ होती. अशा एखाद्या घराच्या कागदावर स्वतःचं नाव लागावं म्हणून झगडणारी आई, आणि तिच्यासमोर सासऱ्यांनी भरपाई म्हणून ठेवलेली रक्कम. ती घ्यायची की नाही? घेतली तर नवऱ्याचं नाव धुतलं जाणार की विकलं जाणार?

हे वर्षभराचं लिखाण आहे, आणि यातला एकही सीन कुणाला बेशुद्ध पाडून लांबवावा लागत नाही. गुपित फुटल्यावर माणसांना एकमेकांशी नव्याने वागावं लागतं. कथा तिथून सुरू होते. मी जिला शेवट समजून दीड वर्ष पुढे ढकलत होते ती खरी सुरुवात होती.

आता सोलापुरातली काही मुलंमुली लिहायला बसतात तेव्हा आपली पानं मला दाखवतात. हुशार आहेत. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ बघून वाढलेली पिढी आहे. याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातून आलेल्या नागराज मंजुळे यांनी आपल्या भागातलं जगणं जसंच्या तसं पडद्यावर आणता येतं हे त्यांना दाखवून दिलं आहे. त्यांना मी काही गोष्टी आवर्जून सांगते. तुमच्या कथेतलं सगळ्यात मोठं गुपित पहिल्या महिन्यात फोडून बघा, आणि पुढे लिहायला काही उरतं का ते पाहा. उरत नसेल तर कथा अजून तयार झालेली नाही. दर आठवड्याची वन-लाइन झाली की विचारा, या आठवड्यात कुणाला काय कळलं, आणि ते त्यांच्याकडून मी परत घेणार नाही ना? वाईट वागणाऱ्याच्या बाजूने एक सीन लिहा, तो दाखवला जाणार नसला तरी. माणसांच्या हातातलं काम काढू नका. खर्चाचं कारण पुढे येईल तेव्हा भांडा, आणि नाहीच जमलं तर एक टेबल, एक वही, एक विड्यांचं सूप एवढ्यावरही काम दाखवता येतं. त्याला माग लागत नाहीत.

बैठकीत बोलायचं धाडस ठेवा, असंही मी सांगते. वाहिनीची माणसं आकडे घेऊन येतात, ते त्यांचं काम आहे. पण आकडा वाढला की तो कशामुळे वाढला हे पात्राला ओळखणारा माणूसच सांगू शकतो, आणि त्या खोलीत तो माणूस म्हणजे लेखक. मी त्या दिवशी आकड्याचा सोयीचा अर्थ सांगितला, कारण तो सांगितल्यावर पुढचे दोन महिने नवा विचार करावा लागणार नव्हता. थकवा खरा होता. रोज एक भाग लिहिणाऱ्याला थकवा येतोच. तरीही ते ऐकणाऱ्यांचं नुकसान होतं, आणि ते मी केलं.

ज्यांच्या घरातून मी ही गोष्ट घेतली त्या बायका मजुरीचा हिशोब तोंडी ठेवतात. किती विड्या दिल्या, किती खराब म्हणून बाजूला काढल्या, किती पैसे हातात आले, हे त्यांना कुणी फसवून सांगू शकत नाही. संध्याकाळी त्या माझी मालिका लावायच्या आणि त्यांच्यातलीच एक पोरगी तिथे दिवसेंदिवस कमी अकलेची होताना ऐकायच्या. पुढचं जे काही मी लिहीन, छोटं किंवा मोठं, त्यात पडद्यावरची बाई निदान तिला ऐकणाऱ्या बाईइतकी हुशार असेल, आणि तिला एकदा जे कळलं ते शेवटपर्यंत तिचंच राहील.